सपाट बशीत न दिसणारा फरक

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी पेशी नेहमीच्या सपाट बशीऐवजी जेलमध्ये (मऊ, लिबलिबीत पदार्थात) का वाढवतात?

उत्तर : प्लॅस्टिकच्या बशीत स्तनातील निरोगी पेशी आणि कर्कपेशी दोन्ही चपट्या पसरतात व पुष्कळशा सारख्याच दिसतात. मात्र आधारपटलातील (शरीरात पेशींच्या थराखाली असणाऱ्या पातळ पापुद्र्यातील) लॅमिनिनसारखी प्रथिने असलेल्या जेलमध्ये निरोगी पेशी काही दिवसांत स्तनातील दूधग्रंथींच्या सूक्ष्म पिशव्यांसारखे गोल पुंजके रचून वाढ थांबवतात, तर कर्कपेशी अस्ताव्यस्त वाढतच राहतात. हा भेद अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या मीना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवला. त्याहून विलक्षण प्रयोग 1997 मधला : कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील बीटा-1 इंटिग्रिन हे प्रथिन प्रतिपिंडाने (अँटीबॉडीने) रोखताच, जनुकांतील बिघाड तसाच असूनही, त्या पेशी निरोगी पेशींसारखे सुबक पुंजके रचू लागल्या. सपाट बशीत ही गोष्ट कधी ध्यानातच आली नसती.

अर्थात, हे जेल बहुधा उंदराच्या कर्करोगाच्याच गाठीपासून काढलेले असते (हा विरोधाभास गमतीचा खरा!) आणि त्याची घडण दर खेपेला थोडी बदलते, शिवाय त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे अशा पुंजक्यांवर परिणामकारक ठरलेले औषध रुग्णावरही तसेच चालेल, असे मानता येत नाही.