भंगारातलं तांबं आणि तुझी पीएच.डी.

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मेकॅनिकलमधलं एम.टेक. संपत आलंय. हातात एक नोकरी आहे आणि पीएच.डी.ची एक जागाही. विषय आहे भंगारापासून केलेल्या पोलादाच्या यांत्रिक गुणधर्मांचं मॉडेलिंग. ‘धातुशास्त्र मी एकच सेमिस्टर शिकले, मला झेपेल का?’ असं तू विचारतेस. बाबांना वाटतं, पोलादात आता शोधायला काय उरलंय?

आधी बाबांच्या प्रश्नाचं बोलू. झोतभट्टीत खनिजापासून एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात पोलादाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. तेच भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर उत्सर्जन कितीतरी कमी होतं. मग सगळं पोलाद भंगारातूनच का करत नाहीत? एकतर तेवढं भंगार नाही. दुसरं कारण म्हणजे तांबं, आणि तुझा विषय तिथूनच सुरू होतो.

मोडीत काढलेली गाडी डोळ्यांसमोर आण. तिच्यातल्या वायरी, छोट्या मोटारींची वेटोळी कितीही वेचली तरी थोडं तांबं भट्टीत जातंच. सिलिकॉन, फॉस्फरस ऑक्सिजन फुंकून काढता येतात. तांबं तसं निघत नाही, कारण त्याच्याआधी लोखंडच जळू लागतं. पुढे लाटण्यासाठी पोलाद ११०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की पृष्ठभागावरच्या लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑक्साइडचा पापुद्रा होतो आणि मागे उरलेलं तांबं त्या पापुद्र्याखाली साचत जातं. ते १०८५ अंशांनाच वितळतं. मग पोलाद ज्या बारीक स्फटिक-कणांचं बनलेलं असतं, त्या कणांच्या सीमांमधून ते आत झिरपतं आणि लाटताना पोलादाला भेगा पडतात. सोबत कथील असेल तर त्रास वाढतो, निकेल असेल तर कमी होतो. बांधकामाच्या सळईत साधारण ०.४ टक्के तांबं खपून जातं, पण गाडीच्या दारासाठी खोल दाबून घडवायच्या पत्र्यात ०.०६ टक्क्यांच्या वर नको असतं. शिवाय भंगाराची प्रत्येक खेप वेगळी. या खेपेचा पत्रा किती ताण सोसेल, कुठे फाटेल, हे आधीच सांगता आलं तर जास्त भंगार निर्धास्तपणे वापरता येईल. बाबांना हे सांग. मला तरी हा विषय अजिबात जुना वाटत नाही.

आता तुझी भीती. प्लॅस्टिसिटी (धातू कायमचा कसा वाकतो, त्याचं गणित) आणि फायनाईट एलिमेंट (वस्तूचे छोटे भाग पाडून संगणकावर ताण काढणं) तुला येतं, म्हणजे निम्मी तयारी झालेलीच आहे. कमी आहे ती धातूच्या आत डोकावण्याची सवय. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये दाखवलेला संबंध तू एका ओळीत शिकली असशील: कण जितके बारीक, तितकं पोलाद बळकट. कणाचा आकार २० मायक्रॉनवरून ५ वर आला की ताकदीतला कणांमुळे येणारा भाग दुप्पट होतो. सूत्रात घालायला हे सोपं आहे. पण तो आकार मायक्रोस्कोपखाली मोजायला बसलीस की कळतं, एकाच नमुन्यात ५ चेही कण असतात आणि २० चेही. मग सूत्रात कोणता आकडा घालणार? तुझं खरं काम या प्रश्नापाशी आहे. फेज डायग्राम, उष्णतोपचार, मायक्रोस्कोपी हे सगळं पहिल्या वर्षात शिकता येतं. मेकॅनिकलमधून येऊन ते शिकलेले कितीतरी जण आहेत.

माझी काळजी वेगळी आहे. पत्रात तू ‘मशीन लर्निंग’ चार वेळा लिहिलंस आणि ‘चाचणी’ एकदाही नाही. गुणधर्मांचा बहुतेक जुना डेटा खनिजापासून केलेल्या, तुलनेनं स्वच्छ पोलादाचा आहे. त्यावर शिकलेल्या मॉडेलनं जास्त तांब्याचं पोलाद पाहिलेलंच नसतं. ते उत्तर देईल, आत्मविश्वासानं देईल, आणि ते चूक असू शकेल. म्हणून होकार कळवण्यापूर्वी गाइडना स्पष्ट विचार: भंगाराच्या पोलादाचे नमुने कुठून येणार? ताणचाचण्या, म्हणजे नमुना ओढून तोडायच्या चाचण्या, कोण करणार, आणि मला स्वतःला करता येतील का? कारखान्याचा डेटा असेल तर तो प्रबंधात छापायची परवानगी आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नकोस. परवानगीअभावी तयार प्रबंध महिनोन्‌महिने अडकलेला मी पाहिला आहे.

‘नमुने पुढे बघू’ असं उत्तर मिळालं तर ही जागा घेऊ नकोस, नोकरी घे आणि दुसरी जागा शोधत राहा. नमुने आणि यंत्र दोन्ही असतील तर माझा कौल पीएच.डी.ला. चार-पाच वर्षं जातील, पगार मैत्रिणींपेक्षा कमी असेल, हे घरी आत्ताच बोलून घे. नंतर पोलाद कारखान्यांच्या संशोधन विभागात, वाहन उद्योगात, सिम्युलेशनच्या कंपन्यांत वाटा आहेत.

गाइडना भेटायला जाशील तेव्हा ताणचाचणीत तुटलेला एखादा नमुना हातात मागून घे. चिवट पोलादाचा एक तुकडा वाटीसारखा तुटतो, दुसरा शंकूसारखा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या वाटीत असंख्य बारीक खळगे दिसतात आणि कित्येक खळग्यांच्या तळाशी मँगनीज सल्फाइडचा, म्हणजे पोलादातल्या एका अशुद्धीचा, एखादा कण बसलेला असतो. तुटणं तिथूनच सुरू झालेलं असतं. ते पाहताना तुला काय वाटलं, ते मला कळव. त्यानंतर आपण अर्जाचं बोलू.