इंटरनेटवरच्या औषधपाण्याच्या माहितीवर किती भरवसा ठेवावा?

तुम्ही विचारलंय, घरात कुणाला काही झालं तर मोबाईलवर बघून उपचार सुरू करावेत का. साप चावला असेल तर अजिबात नाही. हे मी भोगून सांगतोय.

२०१९ चा ऑक्टोबर, राजापूर तालुक्यातलं आमचं घर. बाबा गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, ढासळलेला चिरा परत बसवत होते, त्याखालचं फुरसं उजव्या अंगठ्याला चावलं. मी रिक्षा बघायला धावलो, तोवर आईने घाबरून ठाण्याला माझ्या चुलतभावाला फोन लावला होता. त्याने लगेच व्हिडिओ पाठवला: मनगट आवळून बांधा, ब्लेडने चीर द्या, विष वाहून जाऊ द्या. लाखो लोकांनी पाहिलाय म्हणाला. आम्ही ऐकलं. चीर मीच दिली.

फुरशाच्या विषाने रक्त गोठायचंच बंद होतं. त्या एवढ्याशा चिरेतून रक्त थांबेना, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांवर पट्ट्या भिजल्या. यात पाऊण तास गेला.

आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाईंनी काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेतलं, वीस मिनिटं न हलवता उभं ठेवलं आणि नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच प्रतिविष सुरू केलं. सहा तासांनी पुन्हा तीच तपासणी, तेव्हा कुठे नळीत गुठळी धरली. आई तोवर उभीच होती.

चुलतभाऊ अजून लग्नकार्यात सांगतो, चीर दिली म्हणून काका वाचले. दादा, वाचवलं ते सलाईनमधून गेलेल्या प्रतिविषाने. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालणारं ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात हलू न देता गाडीत बसवायचं, बस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्पदंशाच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे, आणि तीही इंटरनेटवरच आहे. व्हिडिओऐवजी ती पाठवली असतीस तर?

म्हणजे सगळंच टाकाऊ नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, त्यांचे लेखही नेटवर सापडतात. लिहिणारा कोण, कधीचं आणि कुठल्या देशातलं, एवढं बघा.

आणि हो, आंबोलीकडच्या चापडा नावाच्या विषारी सापावर हे प्रतिविष चालत नाही. तरी जायचं दवाखान्यातच.