दोन शीट आणि अर्धा किलो जोंधळा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

नववीला घनफळ शिकवायला घेशील तेव्हा हा प्रयोग जरूर कर. 20 सेमी बाजूचा कार्डशीटचा चौरस घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून सारखे छोटे चौरस कापायचे, कडा वर दुमडून चिकटपट्टी लावायची. झाला बिनझाकणाचा खोका. प्रश्न एवढाच: कोपरा केवढा कापला तर खोक्यात सगळ्यात जास्त मावेल?

40 मुलं असली तर चौघांचे 10 गट पाड. 1 ते 5 सेमी, प्रत्येक माप दोन गटांना दे. सारख्या मापाचे आकडे जुळले नाहीत, की पोरंच एकमेकांचे खोके तपासायला लागतात. 22 × 28 इंची शीटमधून सहा चौरस निघतात, म्हणजे दोन शीट पुरे. कापाकापी आदल्या दिवशी उरक, नाहीतर अख्खा तास त्यातच जातो. घडीच्या रेषेवर पट्टी धरून आधी शाई संपलेलं पेन दाबून ओढायला लाव. घडी वाकडी पडली की माप चुकलंच.

भरायला जोंधळा घे, गटाला अर्धा किलो. दाणा गोल, कोपऱ्यापर्यंत सरकतो. खोका बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, ताटात ठेवायचा म्हणजे सांडलेलं वाया जात नाही. भरल्यावर पट्टी फिरवून सपाट करायचं आणि 100 मिलीच्या मापाने मोजायचं. दाण्याच्या भाराने बाजू फुगतात आणि आकडा वाढतो, म्हणून चारही बाजूंना पुस्तकं टेकव.

ओतण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घे. पुष्कळजण म्हणतील, कागद तेवढाच, मग मावणारही तेवढंच. लगेच खोडू नकोस. मराठीत भांडू देत, कन्नडमध्ये भांडू देत.

हिशोबाने अनुक्रमे 324, 512, 588, 576 आणि 500 घन सेंटीमीटर (घसेमी) येतात. 1 सेमीचा खोका मागे पडतो हे जोंधळाच सांगतो. पण 3 आणि 4 सेमीत फरक अवघा 12 घसेमीचा, आणि सहा वेळा माप भरताना तेवढी चूक सहज होते. तिथे दोन्ही बाजूंचे गट हट्टाला पेटतात आणि ओतून काही ठरत नाही. खडू तेव्हा हातात घे, त्याआधी नको. तळाची बाजू 20 वजा कोपऱ्याची दुप्पट. तिचा वर्ग गुणिले उंची. सूत्र त्या वेळी पोरांना हवं असतं, म्हणून मला हा प्रयोग इतका प्रिय आहे. मग कुणीतरी 3.5 करून बघतं: 591.5. 3.3 ला 592.5 च्या किंचित वर.

पोर्शन मागे पडतोय म्हणून हा शेवटचा भाग गाळू नकोस. वेळ वाचवायचा तर खोके रंगवणं गाळ.

दुसऱ्या दिवशी 12, 18 आणि 30 सेमीचे चौरस दे, फक्त वहीत, कात्रीशिवाय. सगळ्यात जास्त मावणारा कोपरा अनुक्रमे 2, 3 आणि 5 सेमी येतो. बाजू आणि कोपरा यांचं नातं त्यांनाच शोधू दे, मग 20 सेमीकडे परत जाऊन नेमकं उत्तर काढायला सांग.

तुझे,
सर