हद्दपारीचा आदेश आणि हेबियस कॉर्पस

प्रश्न : अमेरिकेत असलेल्या माझ्या पुतण्याविरुद्ध हद्दपारीचा आदेश झाला, इमिग्रेशन अपील बोर्डानेही गेल्या आठवड्यात अपील फेटाळले आणि तो सध्या अटकेत आहे. हेबियस कॉर्पस (अटक कायदेशीर आहे का, हे न्यायालयाकडून तपासून घेण्याची) याचिका केली की आदेश रद्द होईल, असे तेथील एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही, आणि या सल्ल्यावर विसंबून राहिल्यास हाताशी असलेली मुदत निघून जाईल, याची मला अधिक काळजी वाटते. गोव्यात पर्वरीला उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अटक आणि तिच्यामागचा आदेश दोन्ही तपासू शकते, म्हणून आपल्याला तेथेही तसेच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सेंट सिर खटल्यात अशा आदेशातील कायद्याचे प्रश्न हेबियस कॉर्पसमधून मांडू दिले होते. परंतु २००५ च्या रियल आयडी कायद्याने ती वाट बंद केली. आता अंतिम आदेशाविरुद्ध थेट फेडरल अपील न्यायालयात, आदेशापासून ३० दिवसांच्या आत, पुनर्विलोकनाची याचिका करावी लागते. आपला एक आठवडा त्यातूनच गेला आहे. शिवाय या याचिकेने रवानगी आपोआप थांबत नाही; स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

हेबियस कॉर्पस उरते ते अटकेपुरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्याच झाडविडास निकालानुसार अंतिम आदेशानंतर सहा महिने उलटूनही नजीकच्या काळात रवानगीची शक्यता दिसत नसेल, तर सुटका मागता येते. भारत ओळख पटल्यावर आपल्या नागरिकांना प्रवासाची कागदपत्रे देतो, त्यामुळे भारतीयांच्या बाबतीत हा मुद्दा सहसा टिकत नाही, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. तरीही अटकच बेकायदा वाटत असेल, तर ही याचिका पुतण्याला जेथे ठेवले आहे तेथील जिल्हा न्यायालयात करावी. तिचे शुल्क अवघे ५ डॉलर असून त्याच्या वतीने नातेवाइकालाही ती करता येते. कैद्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवले जाते. मात्र याचिका आधी दाखल झालेली असल्यास त्या न्यायालयाचा अधिकार कायम राहतो.

पुतण्याचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक), बोर्डाच्या आदेशाची प्रत आणि त्यावरील तारीख आजच मागवून घ्या व तेथील इमिग्रेशन वकिलाकडे प्रथम पुनर्विलोकनाच्या याचिकेविषयीच बोला.