वाचकांचे प्रश्न: बसचा रिकॉल आणि व्हीलचेअरची लिफ्ट

अमेरिकेतील सार्वजनिक बस आणि त्यांच्या लिफ्ट यांच्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. रिकॉल म्हणजे सुरक्षेला बाधक दोष निघालेले वाहन किंवा उपकरण उत्पादकाने दुरुस्तीसाठी परत बोलावणे. पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तर देणे भाग होते, कारण त्यांत विचारलेल्या गोष्टींविषयी गैरसमज फार आहेत.

प्रश्न: आमच्या मंडळाने ज्येष्ठांच्या ने-आणीसाठी लिफ्ट असलेली एक जुनी छोटी बस विकत घेतली. सरकारी संकेतस्थळावर तिचा वाहन ओळख क्रमांक घालून पाहिला, तेव्हा कोणताही रिकॉल शिल्लक नसल्याचे उत्तर मिळाले. एवढ्यावर आम्ही निर्धास्त राहावे का? (एक कार्यकर्ता, न्यू जर्सी)

राहू नये. अशी बस दिसायला एक वाहन असली, तरी ती बहुधा तीन कारखान्यांतून आलेली असते. चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसह खालचा सांगाडा, एकाची, तिच्यावर बांधलेली बॉडी दुसऱ्याची आणि लिफ्ट तिसऱ्याची. या तिघांपैकी कोणाच्याही कामात सुरक्षेला बाधक असा दोष निघाला, तर ज्याचा दोष त्याने तो राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला, म्हणजे एनएचटीएसए या संस्थेला कळवायचा असतो. लिफ्टच्या वेल्डिंगला तडे जात असतील आणि तो दोष लिफ्टच्या निर्मात्याने स्वतः कळवला असेल, तर त्याची नोंद वाहनाचा रिकॉल म्हणून न होता उपकरणाचा रिकॉल म्हणून होऊ शकते. वाहनाच्या रिकॉल क्रमांकात ‘व्ही’ हे अक्षर असते आणि उपकरणाच्या क्रमांकात ‘ई’. उपकरणाचा रिकॉल सतरा अक्षर-अंकांच्या वाहन क्रमांकाशी जोडलेला नसतो, म्हणून तुमच्या शोधात तो दिसलाच नसेल अशी दाट शक्यता आहे. शिवाय विशेष प्रकारची वाहने बनवणाऱ्या लहान उत्पादकांची माहिती त्या शोधात असेलच असे नाही, आणि पंधरा वर्षांहून जुने रिकॉलही तेथे दाखवले जात नाहीत.

म्हणून प्रथम चासीचा उत्पादक, बॉडीचा उत्पादक आणि दोघांची उत्पादन वर्षे लिहून काढा. दाराजवळच्या चौकटीत लावलेल्या पट्ट्यांवर हा तपशील बहुधा सापडतो. मग लिफ्टवरची पाटी पुसून स्वच्छ करा आणि तिच्यावरचे मॉडेल, अनुक्रमांक व उत्पादनाची तारीख टिपून घ्या. या तिन्ही नावांनी एनएचटीएसएच्या नोंदींत स्वतंत्र शोध घ्या, आणि लिफ्टच्या कंपनीला अनुक्रमांक सांगून तिच्यासाठी काही सूचना निघाली होती का, निघाली असल्यास दुरुस्ती झाल्याची नोंद आहे का, असे लेखी विचारा. जुन्या मालकाकडे देखभालीची वही असेल तर तीही मागून घ्या. रिकॉलची पत्रे नोंदणीतल्या मालकाच्या पत्त्यावर जातात, त्यामुळे बस हातोहात फिरली की पत्र मागेच राहते. तुमच्या नावाची नोंदणी पूर्ण झाली आहे ना, हे आजच पाहा.

खर्चाची भीती बाळगू नका. दोष ठरला त्या दिवशी वाहनाच्या पहिल्या विक्रीला पंधरा वर्षे उलटलेली नसतील, तर उत्पादकाने दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी असा कायदा आहे. पूर्वी ही मुदत दहा वर्षांची होती, ती २०१५ च्या कायद्याने वाढली. मोठ्या शहरी बसचे किमान आयुष्य संघराज्याच्या अनुदानाच्या नियमांत बारा वर्षे किंवा पाच लाख मैल धरलेले आहे, हे लक्षात घेतले तर त्या वाढीचे मोल कळते.

प्रश्न: माझी आई व्हीलचेअर वापरते. मागच्या महिन्यात चालकाने सांगितले की या लिफ्टचा रिकॉल निघाला आहे, ती वापरू नका असा आम्हाला आदेश आहे. एवढे बोलून तो निघून गेला. पुढची बस चाळीस मिनिटांनी होती आणि थंडी कडाक्याची होती. याला काही उपाय आहे का? (एक वाचक, इलिनॉय)

उपाय आहे, आणि तो रिकॉलच्या कायद्यात नाही. रिकॉलचा कायदा १९६६ चा असून तो उत्पादकाला बांधतो. तुमच्या आईचा हक्क १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यातून आणि त्याखाली वाहतूक खात्याने केलेल्या नियमांतून येतो, आणि ते नियम बस चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेला बांधतात. हे दोन कायदे वेगवेगळे आहेत, ही गोष्ट चालकांना तर सोडाच, कित्येक कार्यालयांनाही नीट उमगलेली नसते.

नियम असा आहे: लिफ्ट बंद पडल्याचे चालकाने तत्काळ कळवायचे आणि संस्थेने ती बस दुसऱ्या दिवसाची सेवा सुरू होण्यापूर्वी मार्गावरून काढून लिफ्ट दुरुस्त करायची. बदली बस नसेल आणि ही बस काढल्याने सेवाच कमी होणार असेल, तर पन्नास हजारांहून अधिक लोकसंख्येच्या भागात ती जास्तीत जास्त तीन दिवस आणि त्याहून लहान भागात पाच दिवस तशी चालवता येते. अशी बस निश्चित मार्गावर धावत असताना लिफ्ट चालू असलेली पुढची बस तीस मिनिटांहून अधिक अंतराने येणार असेल, तर लिफ्टअभावी चढू न शकलेल्या प्रवाशासाठी संस्थेने तातडीने पर्यायी वाहन दिले पाहिजे. तुमच्या आईच्या बाबतीत अंतर चाळीस मिनिटांचे होते, म्हणजे पर्यायी वाहन हा तिचा हक्क होता. लिफ्ट नादुरुस्त झाली की आदेशाने बंद ठेवली, असा भेद या नियमात नाही. त्यामुळे रिकॉलची सबब पुढे करून संस्थेला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिफ्ट बंद ठेवण्याचा निर्णय मात्र चुकीचाच होता, असे समजू नका. लिफ्टच्या कडेचा अडसर नीट उभा राहत नसेल, किंवा लिफ्ट खाली गेलेली असताना दारात आलेल्या माणसाला सावध करणारा इशारा वाजत नसेल, तर तिच्यावर खुर्ची चढवण्यापेक्षा ती बंद ठेवणेच शहाणपणाचे असते. संस्थेची चूक लिफ्ट बंद ठेवण्यात नव्हती, दुसरी सोय न करण्यात होती.

तक्रार आधी संस्थेकडेच लेखी द्या. समाधान न झाल्यास संघराज्याच्या परिवहन प्रशासनाच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जाता येते, पण घटनेपासून १८० दिवसांच्या आत. संस्थेच्या उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत संपू देऊ नका.

प्रश्न: रिकॉल निघालेली बस रस्त्यावर धावतेच कशी? तिला थांबवत का नाहीत? (एक वाचक, टेक्सास)

कारण रिकॉल म्हणजे बंदी नव्हे. दोष असल्याचे ठरल्यावर उत्पादकाने पाच कामकाजी दिवसांत एनएचटीएसएला कळवायचे असते आणि त्यानंतर साठ दिवसांच्या आत मालकांना पत्रे पाठवायची असतात. सुटे भाग तोवर तयार असतातच असे नाही. मग पहिले पत्र नुसत्या सूचनेचे असते आणि दुरुस्तीचे दुसरे पत्र मागाहून येते. मालकाने वाहन दुरुस्तीला आणलेच पाहिजे, अशी सक्ती रिकॉलचा कायदा करत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे. दोष आग लागण्याचा किंवा सुकाणू निकामी होण्याचा असेल तर वाहन चालवूच नका असा इशारा स्वतंत्रपणे दिला जातो. एरवी निर्णय मालक संस्थेचा असतो. १९८० च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कने ग्रमन फ्लेक्सिबल ८७० या जातीच्या बस, खालच्या सांगाड्याला तडे गेल्याचे दिसताच, स्वतःहून रस्त्यावरून काढल्या होत्या. असे धाडस करायला हाताशी जुन्या का होईना, पण चालत्या बस असाव्या लागतात.

प्रश्न: आमच्याकडच्या नव्या बसमध्ये लिफ्ट नाही, बाहेर उलगडणारा रॅम्प आहे. त्याचाही रिकॉल होतो का? आणि मी केवळ प्रवासी असताना दोष कळवू शकते का? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

दोन्हींचे उत्तर होय. वाहनांवरील लिफ्टसाठी ४०३ आणि ४०४ या क्रमांकांची दोन सुरक्षा मानके २००५ पासून लागू आहेत आणि रॅम्प त्यांच्या कक्षेत येत नाही. पण सुरक्षेला धोका पोहोचवणारा दोष कोणत्याही भागात असला तरी रिकॉल होऊ शकतो, मग तो रॅम्पच्या बिजागरीत का असेना.

एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवण्यासाठी वाहन तुमच्या मालकीचे असण्याची गरज नाही. वाहन ओळख क्रमांक प्रवाशाला सहसा मिळत नाही, म्हणून बसच्या अंगावर रंगवलेला संस्थेचा क्रमांक, मार्ग, थांबा, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. काय घडले ते नेमके लिहा. ‘रॅम्प बिघडलेला होता’ या वाक्यावरून तपास करणाऱ्याला काही कळत नाही. ‘रॅम्पची बाहेरची कड जमिनीला टेकली नाही, खुर्चीची पुढची चाके वर आली आणि चालकाने हाताने रॅम्प दाबून धरला’ असे लिहिले, तर दुसऱ्या गावाहून आलेली तशीच तक्रार त्याला तुमच्या तक्रारीशी जुळवून पाहता येते.