लोड लाइन काढता येते, पण ट्रान्झिस्टर त्या रेघेवरच का राहतो? आणि क्यू पॉइंट नेहमी मधोमधच का घ्यायचा?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य फार ओळखीचं वाटलं: "दोन टोकं काढून पट्टीने रेघ मारतो, मार्क मिळतात, पण ट्रान्झिस्टरला ही रेघ कळते कशी?" डिप्लोमाला असताना मीही जर्नलमध्ये अशाच रेघा मारल्या आहेत. ट्रान्झिस्टरला ती कळत नाही. ती रेघ त्याची नाहीच.

समजा सप्लाय १२ व्होल्टचा आहे, ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी (कलेक्टर, बेस, एमिटर) कलेक्टरला १ किलोओमचा रेझिस्टर आणि एमिटर ग्राउंडला. आता ट्रान्झिस्टर उपटून काढा आणि त्या जागी एक बंद डबा आहे असं समजा. आत काय आहे ते ठाऊक नाही, फक्त त्यातून ५ मिलिअँपिअर करंट जातोय. तोच करंट रेझिस्टरमधूनही जातो, म्हणजे ५ व्होल्ट रेझिस्टरने खाल्ले. डब्याच्या वाट्याला उरले ७. करंट ८ मिलिअँपिअर झाला तर उरतात ४. डब्यात ट्रान्झिस्टर असो, बल्ब असो की नुसता खिळा, वाटणीचा नियम तोच. अशा सगळ्या शक्य वाटण्या ग्राफवर मांडल्या की जी सरळ रेघ येते ती लोड लाइन. करंट शून्य असेल तर पूर्ण १२ व्होल्ट डब्यावर. डबा शॉर्ट असेल तर १२ मिलिअँपिअर. तुमची दोन टोकं हीच. नावच मुळी 'लोड'चं, म्हणजे त्या रेझिस्टरचं आहे, पण हे मला व्हायवा होऊन गेल्यावर कळलं.

ट्रान्झिस्टरचं म्हणणं वेगळं असतं. बेसला ठराविक करंट दिला की तो त्याच्या बीटापट (बीटा म्हणजे त्या ट्रान्झिस्टरची करंट वाढवण्याची पट) करंट कलेक्टरमधून ओढू पाहतो. स्वतःवर किती व्होल्ट आहेत याची त्याला फारशी पर्वा नसते. म्हणून त्याचे कर्व्ह जवळजवळ आडवे दिसतात. सर्किटची तिरकी रेघ आणि ट्रान्झिस्टरचा आडवा कर्व्ह, दोन्ही एकाच वेळी खरे ठरतील अशी जागा एकच: जिथे ते छेदतात. दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणं आलेखाने सोडवली होती ना, तेच हे. फरक इतकाच की इथे एक समीकरण वाकडं आहे. सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर ज्या छेदबिंदूवर बसून असतो तो क्यू पॉइंट.

सिग्नल आला की बेस करंट कमी-जास्त होतो आणि बिंदू त्या रेघेवरून वर-खाली सरकतो. अगदी वर गेला तर सॅच्युरेशन, म्हणजे ट्रान्झिस्टरवर जवळपास शून्य व्होल्ट; अगदी खाली गेला तर कट-ऑफ, म्हणजे करंट बंद. ६ व्होल्ट, ६ मिलिअँपिअरवर ठेवला तर दोन्हीकडे सारखी जागा मिळते. पुस्तकातलं 'मधोमध' इथून आलं. एका टोकाला चिकटवून ठेवलात तर सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) वेव्हची एक बाजू चपटी होते.

पण 'नेहमी मधोमध' हे अर्धंच खरं आहे, आणि हा भाग बऱ्याच वर्गांत घाईत उरकला जातो. आउटपुट कपॅसिटरमधून पुढच्या स्टेजला जोडलंत आणि त्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्सही १ किलोओम असेल, तर सिग्नलला दोन्ही समांतर दिसतात, म्हणजे ५०० ओम. डीसीसाठी मात्र अजून १ किलोओमच. म्हणून क्यू पॉइंटमधूनच जाणारी दुसरी, जास्त उभी रेघ काढावी लागते: एसी लोड लाइन. आता हिशोब करा. ६ मिलिअँपिअर गुणिले ५०० ओम, म्हणजे कट-ऑफच्या बाजूला फक्त ३ व्होल्टची जागा. दुसऱ्या बाजूला जवळपास ६. मधोमध ठेवूनही वेव्ह एका बाजूने आधी कापली जाते! इथे ८ मिलिअँपिअर आणि ४ व्होल्ट हा क्यू पॉइंट चांगला. दोन्हीकडे साधारण ४ व्होल्ट मिळतात. हा ८ कुठून आला? १२ व्होल्टला दोन्ही रेझिस्टन्सच्या बेरजेने, म्हणजे १.५ किलोओमने भागा.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी बेसला थेट सप्लायपासून ३९० किलोओमचा रेझिस्टर लावला होता. बेस करंट साधारण २९ मायक्रोअँपिअर, बीटा २०० च्या आसपास, कलेक्टरवर सव्वासहा व्होल्ट. झकास चाललं होतं. सबमिशनच्या आदल्या दिवशी ट्रान्झिस्टरचा पाय तुटला. ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडवरून नवा बीसी ५४७ आणला, लावला, तर कलेक्टरवर ०.१ व्होल्ट. दुसरा लावला, तेच. रात्री उशिरापर्यंत वायरी तपासत बसलो. सकाळी सरांनी ट्रान्झिस्टर हातात घेऊन एवढंच विचारलं, "शेवटचं अक्षर वाचलंस का?" जुना 'बी' होता, नवा 'सी'. डेटाशीटमध्ये 'बी'चा बीटा २०० ते ४५०, 'सी'चा ४२० ते ८००. ४५० जरी धरला तरी ट्रान्झिस्टर १३ मिलिअँपिअर मागतोय आणि सर्किटची मर्यादा १२. लोड लाइन जागच्या जागी होती, कर्व्ह वर सरकला होता, आणि बिंदू सॅच्युरेशनमध्ये जाऊन अडकला होता.

म्हणूनच व्होल्टेज डिव्हायडर आणि एमिटर रेझिस्टर. बेसला वरून १२ किलोओम, खाली २.२ किलोओम, एमिटरला २२० ओम, कलेक्टरला तोच १ किलोओम, असं लावून बघा. बीटा २०० असेल तर कलेक्टर करंट साधारण ५ मिलिअँपिअर येतो. ४५० असेल तर ५.२ च्या आत. करंट वाढायला लागला की एमिटर वर उचलला जातो आणि बेस-एमिटरमधला व्होल्टेज आपोआप घटतो. मे महिन्यात पंखा बंद असलेल्या खोलीतही याचा उपयोग होतो, कारण दर अंशामागे तो बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. फक्त लोड लाइन आता १.२२ किलोओमची काढायची, वरचं टोक सुमारे ९.८ मिलिअँपिअरला येईल. एमिटर रेझिस्टरला समांतर बायपास कपॅसिटर लावलात तर एसी रेघेत ते २२० ओम धरायचे नाहीत.

सर्किट जोडलंत की फंक्शन जनरेटर लावायच्या आधी कलेक्टर ते एमिटर व्होल्टेज मोजा. या सर्किटमध्ये पावणेसहाच्या आसपास आलं तर पुढे जा. जवळपास शून्य आलं तर बिंदू वरच्या टोकाला आहे: खालचा २.२ किलोओम सुटलाय का बघा. पूर्ण १२ आलं तर करंटच वाहत नाहीये. आधी ट्रान्झिस्टरचे पाय तपासा. बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.