करोनात टेक्नो क्लब तगले कसे? (बर्लिनपुरतं उत्तर)

तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रॉनिक म्युझिकचे नाइटक्लब करोनात इतके महिने बंद होते तरी बुडाले कसे नाहीत, आणि ते ऑनलाइन कार्यक्रमांवर चालले का. मी फक्त बर्लिनचं सांगू शकते. तेव्हा मी तिथे एमएस करत होते आणि शनिवार-रविवारी एका क्लबात गार्डरोबवर, म्हणजे लोकांचे कोट सांभाळायच्या खिडकीवर, काम करायचे. ऑनलाइनवर कोणी चाललं नाही. पगार आणि भाड्याचा मोठा भार सरकारने उचलला म्हणून चालले. सरकारने तो का उचलला, ते जरा सविस्तर सांगते.

घरी मी 'क्लब' हा शब्द काढलाच नव्हता. आमचं गाव नारायणगावपासून सात-आठ किलोमीटरवर. पप्पांना सांगितलं होतं, एका सांस्कृतिक केंद्रात काम करते. "कसले कार्यक्रम असतात?" "संगीताचे." "रात्रभर?" "हो, रात्रभर." आमच्याकडे तमाशाही रात्रभरच चालतो, त्यामुळे पुढचा प्रश्न आला नाही. हे 'सांस्कृतिक केंद्र' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात सगळं थांबलं. १३ तारखेच्या शुक्रवारी क्लबांनी दारं लावून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून सरकारी हुकूमच निघाला. शाळा, दुकानं नंतर. पहिला बळी नाचायच्या जागांचा, कारण विषाणूला हवं ते सगळं तिथे एकत्र असतं: बंद खोली, घाम, कानात ओरडून बोलणं आणि बारा-पंधरा तास न हलणारी गर्दी. यात अन्याय काही नव्हता. साथ आली तर पहिले आम्ही बंद आणि उघडायच्या वेळी शेवटचे आम्ही, हे गार्डरोबवर बसणाऱ्यालाही कळत होतं.

ऑनलाइनचं आधी सांगून टाकते. बर्लिनमध्ये क्लबकमिशन नावाची क्लबवाल्यांची संघटना आहे, २००१ पासूनची. त्यांनी बंदीनंतर आठवड्याच्या आत, १८ मार्चला, 'युनायटेड वी स्ट्रीम' सुरू केलं. रिकाम्या क्लबात डीजे एकटा वाजवतोय, कॅमेरे फिरतायत, आर्टे वाहिनीच्या साइटवर थेट प्रक्षेपण आणि खाली देणगीचं बटण. पहिलं प्रक्षेपण वॉटरगेटमधून झालं. श्प्रे नदीच्या काठावरचा हा क्लब, नदीकडच्या बाजूला नुसत्या काचा. देणगीतले आठ टक्के भूमध्य समुद्रात निर्वासितांना वाचवणाऱ्यांना द्यायचे असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, आणि स्वतः बुडत असताना असं ठरवणारी माणसं मला आवडतात. पैसेही लाखांत जमले. पण ते डझनावारी क्लबांत वाटायचे म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला जे आलं त्यात थोडे दिवसच भागले असते. बघायलाही ते विचित्र होतं. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप ठेवून बघायचे, वरण शिजत असायचं, आणि रिकाम्या जमिनीवर लाल दिवे फिरत असायचे. तिसऱ्या आठवड्यानंतर मी बघणं सोडलं. मला वाटतं बऱ्याच जणांनी सोडलं असावं.

खरा आधार तीन गोष्टींचा होता.

एक म्हणजे कुर्त्सआर्बाइट. काम नसलं तरी माणसाला काढायचं नाही, हातात येणाऱ्या पगारातला जेवढा बुडाला त्याचे ६० टक्के (मूलबाळ असेल तर ६७) सरकारी रोजगार विमा देणार. पुढे सहा महिन्यांहून जास्त काळ लोंबकळलेल्यांसाठी हे ८० आणि ८७ पर्यंत नेलं. त्यामुळे साउंडवाला, बारचा मुख्य माणूस, हिशेब बघणारी बाई, ही क्लबाची हाडं जागेवर राहिली. दुसरी गोष्ट, भाडं. एप्रिल ते जून २०२० चं भाडं करोनामुळे थकलं तर तेवढ्या कारणावरून भाडेकरूला हाकलता येणार नाही असा कायदा केला. माफ नाही केलं, नुसतं लांबवलं. तिसरी, रोख मदत. एकट्याने काम करणाऱ्यांना बर्लिनने पाच-पाच हजार युरो दिले. मार्चच्या शेवटी त्या अर्जाच्या साइटवर रांगेचा आकडा दिसायचा. माझ्या घरात राहणाऱ्या डीजे मुलीचा नंबर एक लाखाच्या पुढे होता. ती लॅपटॉप उघडा ठेवूनच झोपली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. चार दिवसांत पैसे खात्यात. जर्मनीत चार दिवसांत काही होतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. क्लबांना मग संस्कृतीच्या खात्यातून वेगळी मदत मिळाली.

यात मी कुठे बसले? कुठेच नाही. माझी नोकरी मिनीजॉब, महिन्याला ४५० युरोंच्या आतली. मिनीजॉबवाल्याचा बेकारी विमा कापला जात नाही, म्हणून त्याला कुर्त्सआर्बाइटही नाही. गार्डरोब, ग्लास गोळा करणारी पोरं, सफाई, दारावरची अर्धी माणसं, बहुतेक आमच्यासारखीच. आमच्या क्लबाने मार्चचे पैसे दिले आणि एप्रिलमध्ये प्रेमळ शब्दांत एक मेल पाठवला. प्रेमळ मेलने भाडं भरता येत नाही. विद्यार्थ्यांसाठी जूनपासून मदत सुरू झाली तीही मजेशीर: खात्यात पाचशेपेक्षा कमी युरो आहेत हे बँकेच्या उताऱ्याने सिद्ध करायचं, मग शंभर ते पाचशे मिळणार. मला दोन महिने मिळाली. तिसऱ्या महिन्यात पप्पांनी पैसे पाठवले, खात्यात ६१२ झाले, आणि मी 'श्रीमंत' ठरले.

जुलैत क्लबाने साफसफाईला बोलावलं. दार उघडलं तर वास बदललेला. इतकी वर्षं मुरलेला सिगारेट, घाम आणि सांडलेल्या बिअरचा वास जाऊन ओल्या भिंतीचा वास आला होता. मुदत संपलेली बिअरची पिंपं आम्ही अंगणातल्या गटारात ओतली, माश्या जमल्या. माझ्या खिडकीमागे २१७ नंबरच्या हुकावर एक हिरवं जॅकेट मार्चपासून लटकत होतं. कॉलरवर पांढरी बुरशी, खिशात भुयारी रेल्वेचं तिकीट आणि अर्धं च्युइंगगम. मी ते धुऊन परत लटकावलं.

आता सरकारने पैसे का दिले. क्लबकमिशनने २०१९ मध्येच शहरातल्या क्लबांची पाहणी करून आकडे छापून ठेवले होते: सुमारे ९,००० कामगार, १६.८ कोटी युरोंची वार्षिक उलाढाल, वर्षाला ३० लाख पर्यटक क्लबांसाठी येतात आणि शहरात सुमारे दीड अब्ज युरो सोडून जातात. संकट आल्यावर आकडे गोळा करायला कोणी पळत सुटलं नाही. कागद तयार होता.

इथे मला गावाकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी आपल्याकडे देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देतात, आणि चैत्र-वैशाखातल्या त्या सुपाऱ्यांवर फडाचं वर्ष निघतं. फडमालकाने कर्ज काढून कलाकारांना आधीच उचल दिलेली असते. सगळा हंगाम गेला. पुढच्या पाडव्याला दुसरी लाट, तोही गेला. माझा मामा फडांना ट्रक भाड्याने देतो. त्या दोन वर्षांत त्याच्या ट्रकने कनाती आणि पेट्या सोडून टोमॅटो वाहिले. मी त्याला फोनवर इथल्या मदतीचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण ते पगारपत्रक मागत असतील ना?" नेमकं तेच. फडात कुठलं आलंय पगारपत्रक! मिनीजॉबवाली मीही जवळजवळ त्याच रांगेत होते.

अंगण ज्याला, तो क्लब पहिल्या उन्हाळ्यात निभावला. बिअर गार्डन करायचं, टेबलं दूरदूर मांडायची, संगीत हळू, नाचायचं नाही. तळघरातल्या क्लबांना तेही नाही. बेर्गहाइनने वेगळाच मार्ग काढला. हा म्हणजे ओस्टबानहोफजवळच्या जुन्या वीजघरातला तो जगप्रसिद्ध क्लब, जिथे तासन् तास रांगेत उभं राहून माणसं नकार घेऊन परत जातात. सप्टेंबर २०२० मध्ये तिथे बोरोस या कलासंग्राहक दांपत्याबरोबर 'स्टुडिओ बर्लिन' हे प्रदर्शन भरलं, बर्लिनमध्ये राहणाऱ्या शंभराहून जास्त कलाकारांचं. क्लबाच्या दर्शनी भिंतीवर प्रचंड फलक: 'मॉर्गन इस्ट डी फ्रागे', म्हणजे उद्या, हाच प्रश्न आहे. मला आत कधीच घेतलं नव्हतं (दोनदा प्रयत्न केला होता, दुसऱ्यांदा मुंडू, म्हणजे केरळी लुंगी, नेसून), पण तिकीट काढून, मास्क लावून, दहा जणांच्या गटात गेले. फोटोला बंदी तेव्हाही होतीच. छतापासून लटकणारा एक समुद्री बोया होता, खऱ्या समुद्रातल्या लाटांच्या हालचालीप्रमाणे वरखाली होणारा. मी त्याच्याखाली उभी राहून पायाखालची जमीन बघत होते, हजारो बुटांनी गुळगुळीत केलेली. नोव्हेंबरच्या २ तारखेला दुसरी टाळेबंदी आली आणि प्रदर्शनही बंद. त्याच्या दोन-चार दिवस आधी जर्मनीच्या सर्वोच्च कर न्यायालयाचा निकाल जाहीर झाला होता की टेक्नो-हाउसच्या रात्री मैफलीसारख्याच असू शकतात, म्हणून त्यांच्या तिकिटावर मैफलीसारखा कमी कर लागू शकतो. निकाल हातात आणि तिकीट विकायची सोय नाही!

बाकीच्यांनी मिळेल ते केलं. किटकॅट हा लैंगिक मोकळेपणासाठी (यापुढे मी काही सांगणार नाही) ओळखला जाणारा क्लब डिसेंबरमध्ये करोना चाचणी केंद्र झाला. मी तिथे नाकात काडी घालून घेतली आणि आईला फोटो पाठवला, मागची सजावट कापून. मैफलींची 'आरेना' लसीकरण केंद्र झाली.

सगळं शहाणपणाचंच झालं असं मात्र नाही. ३१ मे २०२० ला क्लबांच्या समर्थनार्थ लांडवेअर कालव्यावर रबरी होड्यांचा मोर्चा निघाला. दोन-तीन हजार माणसं, बरीचशी मास्क न लावता, आणि शेवट कुठे, तर एका मोठ्या रुग्णालयासमोर. मोठ्याने संगीत. शहर संतापलं आणि आयोजकांनी माफी मागितली. मला आजही त्याचा राग येतो, कारण त्या एका रविवाराने महिनाभर आम्ही सगळे 'बेजबाबदार' ठरलो. उन्हाळाभर हाजेनहाइडे बागेत रात्री चोरून पार्ट्या चालायच्या ते वेगळंच. क्लब बंद केले म्हणून नाच बंद होत नाही, तो झुडपात जातो.

मे २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की संगीताचे क्लब बांधकाम नियमांत सांस्कृतिक वास्तू म्हणून धरावेत. तोवर ते जुगाराच्या यंत्रांची दुकानं आणि वेश्यागृहं यांच्या रांगेत 'करमणुकीची ठिकाणं' म्हणून मोजले जात. ठरावाने कायदा बदलत नाही. पण मी बातमीची लिंक पप्पांना पाठवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं की माझं सांस्कृतिक केंद्र म्हणजे काय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिकडं आता संसदेनं मान्य केलं, पण तू दोन वर्षं आधीच सांगत होतीस."

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सहा क्लबांत पीसीआर चाचणी करून नाचायचा प्रयोग झाला, आणि ऑक्टोबरमध्ये बेर्गहाइनसह बरेच क्लब उघडले. लस घेतलेल्यांना आणि बरे झालेल्यांनाच प्रवेश. दोन महिने झाले नाहीत तोच ओमायक्रॉन. ८ डिसेंबरपासून नियम असा की क्लब उघडा ठेवा, पण नाचायचं नाही. आमच्याकडे दोन शनिवार लोक बाकांवर बसून, पाय हलवत, टेक्नो ऐकत होते. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ही बंदी उठली.

मोठे क्लब बंदीत फारसे मेलेच नाहीत. मेले ते नंतर. मदत थांबली, लांबवलेली देणी पुढ्यात आली, वीज महागली, स्वस्त विमानांनी येणारे पर्यटक घटले, आणि दोन वर्षं घरात अठरा-वीस वर्षांची झालेली पोरं रात्री तीनला बाहेर पडायला शिकलीच नव्हती. आणि भाडं. भाड्याने क्लब मारणं करोनाच्या आधीपासूनचं आहे, ग्रीसम्यूले नावाच्या क्लबाला आपली जागा साथीच्या तोंडावर सोडावी लागली होती. मेन्श मायर २०२३ च्या अखेरीस गेला. आणि ज्या वॉटरगेटमधून पहिलं प्रक्षेपण झालं होतं, तो २०२४ च्या थर्टी फर्स्टची रात्र करून कायमचा बंद झाला. बावीस वर्षं चालला.

आमचा क्लब अजून आहे. मी काम सोडून तीन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात गेले तर खिडकीवर एक व्हिएतनामी मुलगा होता. भाडेकरार कधीपर्यंत आहे विचारलं, तर म्हणाला माहीत नाही, मी मिनीजॉबवर आहे. २१७ च्या हुकावर कोणाचा तरी काळा कोट होता.